कल्ब, केलेव, कलबू आणि सातवी विहीर

…आणि त्या बुक्कीनं सयाजीचा वरचा पुढचा दात थेट ऑलिव्हच्या झाडाखाली जाऊन पडला, इथवर काल आपण आलो होतो. सयाजीनं दात उचलला, खिशात टाकला आणि मारणाऱ्याकडं बघून हसला. तोंडातून रक्त गळतंय आणि हा हसतोय! समोरच्या मेंढपाळाला वाटलं, आपली चेष्टाच चाललीय. त्यानं दुसरी ठेवून दिली. ती नाकावर.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. सयाजी फडतरे आमच्या गावचा, रहिमतपूरच्या पुढं पाच किलोमीटरवर आमचं गाव. फौजेत चोवीस वर्षं काढली, पण बंदुकीपेक्षा जनावरांचं औषधपाणीच जास्त केलं. दोन हजार सहा साली शांतिसेनेबरोबर तो लेबनॉनच्या दक्षिण टोकाला गेला. तिथं आपल्या पलटणीतले जनावरांचे डॉक्टर गावोगाव फिरून लोकांच्या शेळ्यामेंढ्या तपासायचे. साहेब सुई भरायचे आणि सयाजी जनावर धरायचा. धरण्यात याचा हात धरणारा कुणी नाही. खोंड असो, खेचर असो, पिसाटलेला बोकड असो, सयाजीनं दोर टाकला की ते आडवं झालंच.

तर त्या गावातल्या एका मेंढपाळाशी याची लय गट्टी जमली होती. त्याच्या कुत्र्याच्या कानातले किडे सयाजीनं चिमट्यानं एकेक करून काढले होते, आणि त्या बदल्यात मेंढपाळ याला रोज चीज आणि रोटी खिलवायचा. कुत्र्याला तिथं ‘कल्ब’ म्हणतात, एवढं सयाजी शिकला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जिवाभावाचा माणूस आठ दिवसांनी भेटला की आपण काय म्हणतो? “काय रं कुतरड्या, हुतास कुठं?” ज्याच्यावर जीव जास्त त्याला शिवी जाड. सयाजीनं तेच केलं. आठ दिवसांनी मेंढपाळ दिसला, याचं मन भरून आलं, दोन्ही हात पसरून हा ओरडला, “या कल्ब!” म्हणजे, अरं कुत्र्या! सगळ्या गावासमोर. त्या बिचाऱ्याच्या सासऱ्यासमोर.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

एका शब्दाचं एवढं पुराण मी का लावलंय, तर गेल्या माघात याच शब्दावर हंबीररावाचा जीव अडकला होता. हंबीरराव म्हणजे सयाजीचा चुलतभाऊ, चार वर्षांनी थोरला. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि गडी सुई घ्यायला तयार नव्हता. जगतो का मरतो, एवढाच सवाल होता. तिथं पोचतोच आपण. आधी दाताचं पुरं करतो.

मारामारी सोडवली ती गावच्या शाळेतल्या सलीम मास्तरांनी. सयाजीचं मोडकंतोडकं फौजी इंग्रजी ऐकून त्यांनी मेंढपाळाला समजावलं, की या माणसाच्या मुलखात शिवी ही मिठी मारल्यासारखी असते. मेंढपाळाचा विश्वास बसायला दोन चहा लागले. मग त्यानं सयाजीच्या नाकाला स्वतःच्या रुमालानं बर्फ लावला. आणि मास्तर, मास्तरच ते, आमच्या गोपाळ गुरुजींसारखे, शिकवल्याशिवाय सोडतील कसे? त्यांनी खडू काढून पलटणीच्या दवाखान्याच्या गाडीच्या फळीवर लिहायला सुरुवात केली.

सयाजीनं ती फळी मला इतक्या वेळा सांगितलीय की मी तिथंच बसलो होतो असं वाटतं. मास्तर म्हणाले, आम्ही कुत्र्याला कल्ब म्हणतो. ती समोर सरहद्दीची तार दिसते ना, तिच्या पलीकडचे लोक केलेव म्हणतात. आमच्या डोंगरात काही जुनी ख्रिस्ती देवळं आहेत, तिथं ज्या जुन्या भाषेत प्रार्थना म्हणतात तिच्यात कलबा. एवढ्यात मास्तरांच्या घरी काम करणारी बाई चहाचे पेले न्यायला आली. ती पार आफ्रिकेतून आलेली, तिग्राय नावाच्या मुलखातली. मास्तरांनी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात गं? ती लाजून म्हणाली, “कल्बी.” मास्तरांनी फळीवर टाळी मारली. आणि म्हणाले, या सगळ्यांच्या आधी, चार हजार वर्षांपूर्वी, दोन नद्यांच्या मधल्या मुलखात लोक ओल्या मातीच्या पाटीवर काडीनं टोचून लिहायचे, त्या पाट्यांवरही कुत्र्याचं नाव आहे. कलबू. आणि त्या पाट्यांच्याही मागं या सगळ्या भाषांची एक आजी होती. ती कुणी लिहून ठेवली नाही. पण विद्वान लोक नातवंडांची तोंडं बघून सांगतात, की आजीसुद्धा कुत्र्याला असंच काहीतरी म्हणत असणार.

मला याची भारी गंमत वाटते. सयाजीची बायको जत तालुक्यातली, सीमेवरची. तिच्या माहेरी एका बांधाला कुत्रं आणि दुसऱ्या बांधाला कानडीतलं नायी. भाकरी एक, ठेचा एक, आणि कुत्र्याच्या हाका मात्र दोन. आणि तिकडं तारेच्या दोन बाजूंची माणसं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण हाक एकच.

मास्तरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की निनवे म्हणून जुनं शहर होतं, तिथल्या राजवाड्याच्या दाराजवळ मातीची पाच लहान कुत्री पुरलेली सापडली, राखणीला. प्रत्येकाच्या अंगावर नाव. एकाच्या नावाचा अर्थ, विचार करत बसू नको, चाव! हे ऐकून सयाजी फुटक्या ओठानं इतका हसला की परत रक्त आलं. दुसरी गोष्ट मात्र हसण्याची नव्हती. त्या मातीच्या पाट्यांवर कुत्रं चावलेल्या माणसासाठी मंत्र होते. मांत्रिक म्हणायचे, कुत्रं जिथं चावतं तिथं आपलं पिल्लू सोडून जातं.

हे झालं एप्रिलात. जुलैत तिथं लढाई पेटली आणि महिनाभर आभाळातून लोखंड पडलं. मी त्यात कुणाची बाजू सांगत नाही, मला ती ठाऊकही नाही. सयाजीला जे दिसलं ते सांगतो. एका सकाळी त्या मेंढपाळाच्या घरावर बॉम्ब पडला. मेंढ्यांच्या वाड्यात चाळीस मेंढ्या होत्या, त्यातली एक उभी होती आणि तिला पुढचे पाय नव्हते. घराचं छप्पर खाली बसलेलं. आणि त्या ढिगाऱ्यावर तो कुत्रा. जो जवळ जाईल त्याच्या अंगावर येत होता. दोन माणसांना त्यानं फाडलं. लोक म्हणाले, गोळी घाला. सयाजी म्हणाला, थांबा. त्यानं डाव्या हाताला पोतं गुंडाळून हात पुढं केला. कुत्र्यानं तो धरला. पोत्यातून दात आत गेले, हाडाला लागले. सयाजीनं धरू दिला आणि उजव्या हातानं गळ्यात दोर टाकला.

कुत्रा बांधल्यावर लोकांनी दगड उपसले. मेंढपाळ सापडला, पण कमरेपर्यंतच. त्याची बायको ढिगाऱ्यापाशी बसून छाती पिटत होती आणि तारेकडं हात करून ओरडत होती, कल्ब, कल्ब. संध्याकाळी तारेपलीकडून कुणी शिपाई आपल्या गस्तीच्या कुत्र्याला दटावत होता, त्याचाही आवाज वाऱ्यावर येत होता, केलेव, केलेव. सयाजी त्या बांधलेल्या कुत्र्याशेजारी बसून स्वतःच्या हाताला टाके घालून घेत होता. दोन्ही हाका ऐकून कुत्रं एकदा इकडं बघायचं, एकदा तिकडं.

बारा साली सयाजी पेन्शनवर घरी आला. आल्या आल्या हंबीररावाशी वाजलं. कारण बांध. दोन हात जमीन. कोर्टात कोण गेलं नाही, पण एका दिवाळीत हंबीररावानं खोऱ्याच्या दांड्यानं सयाजीची दोन बोटं मोडली आणि सयाजीनं हंबीररावाचा खांदा निखळवला. त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद. हंबीरराव याला गावभर ‘कुत्रेवाला’ म्हणायचा, कारण सयाजी दरसाल गावातली भटकी कुत्री धरून त्यांना लस टोचून घ्यायचा. सयाजी दोर घेऊन पुढचं कुत्रं धरायला जायचा.

गेल्या माघात ऊसतोड चालली होती. दुपारी चारचा सुमार. हंबीररावाच्या फडातून एक तांबडं कुत्रं बाहेर आलं. कुठलं, कुणालाच माहीत नाही. खालचा जबडा लोंबतोय, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत, मागचं धड दारू प्यायल्यासारखं झुलतंय. त्यानं आधी हंबीररावाच्या रेडकाचं नाक फाडलं. हंबीरराव धावला आणि त्यानं लाथ घातली. तीच चूक झाली. कुत्र्यानं पोटरी धरली आणि सोडेना. हंबीरराव पाय झाडतोय, कुत्रं लोंबकळतंय, मांस सुटायला लागलंय, आणि त्या नव्वद किलोच्या माणसाच्या ओरडण्यानं आख्खं शिवार गोळा झालं.

सयाजी बांधावरून उडी टाकून आला. हातात पहार. पहिला घाव पाठीवर. मणका मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. कुत्र्यानं पोटरी सोडली आणि नुसत्या पुढच्या पायांवर सयाजीकडं सरकायला लागलं. दुसरा घाव डोक्यात. तिसऱ्याची गरज नव्हती. पाचटावर जे काही सांडलं त्यावर सयाजीनं कुणाला पाय ठेवू दिला नाही. मग त्यानं पहार टाकली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा भावाशी बोलला.

“दादा, साबनानं पाय धू आन् चल. रहिमतपूरला जाऊ.”

हंबीररावानं रक्ताळलेला पाय धरून विचारलं, “माझ्या रानात पाय टाकायला तुला कुनी सांगितलं हुतं रं?”

तेवढ्यात आल्या बनुबाई. या दोघांची आत्या. वय नव्वदीला टेकलंय, पण सगळं खानदान त्यांच्या डोळ्याला भितं. त्यांनी जखमेत मूठभर तिखट भरलं. हंबीरराव परत किंचाळला. बनुबाई म्हणाल्या, “सुया टोचून काय हुतंय? कुत्र्याचं पिलू जातं प्वाटात. सात हिरीत डोकाव, दिस मावळायच्या आत. वर उन्हात पिलू मरतंय, खाली पान्यात त्याची सावली बुडती. पर तोंडातनं सबूद काढायचा न्हाई. काढलास तर परत पयल्या हिरीपास्नं!”

सयाजी मटकन खाली बसला. मला म्हणाला, “आबा, ऐकलंसा? पिलू! ह्या बाईनं मातीची पाटी कवा वाचली?”

हंबीररावानं तोंड मिटलं आणि लंगडत निघाला. आता गंमत बघा. आमच्या गावात एके काळी तीस विहिरी. बोअर आल्या तशा बुजवल्या, कुणी घराचा राडारोडा टाकला, कुणी वर गोठा बांधला. उघड्या उरल्यात फक्त सात. आणि सातवी सयाजीच्या रानात. दुसरीकडं जायचं तर शेजारच्या गावात, आणि दिवस तर कलायला लागलेला. सयाजीनं बोटावर हिशोब केला, घरात गेला, बैल पाडायचा दोर घेतला आणि आपल्या विहिरीच्या कठड्यामागं जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी शेंगा खात.

मी विचारलं, “तू काय करणार?”

“धरनार. आवं आबा, मानूस आजारी पडल्यावं मग काय बी करता येत न्हाई. पान्याचा पेला बघून घसा आवळतो, वाऱ्याची झुळूक सोसत न्हाई, खाटंला बांधावं लागतंय, आन् शुद्धीत मरतो. तवा आज. उद्या न्हाई.”

बैल पाडायची रीत सांगतो. मारामारी नसते त्यात. दोराचा एक फास मानेच्या मुळाशी, एक वेढा छातीला, एक कमरेला, आणि मागून सरळ ओढायचं. कितीही दांडगं जनावर असू द्या, पाय आपोआप दुमडतात. नालबंद हेच करतो. माणसावर कुणी केलं नव्हतं, एवढंच.

सूर्य टेकडीला टेकताना हंबीरराव आला. सहा विहिरी झाल्या होत्या. चपलेत रक्त भरलं होतं, प्रत्येक पावलाला पचक-पचक आवाज. मागं दहा-बारा माणसं, पण मुकाटपणे. परक्या रानात पाय टाकताना तो क्षणभर अडखळला, मग कठड्याकडं वळला. दोन पावलं उरली असतील, आणि सयाजीनं फास टाकला.

बाबांनो, मी कुस्त्या पाहिल्यात, भावकीच्या काठ्या पाहिल्यात, पण अशी मारामारी पाहिली नाही. कारण हंबीररावाला ओरडता येत नव्हतं! ओरडला असता तर परत पहिल्या विहिरीपासून, आणि दिवस मावळत आलेला. त्याचा चेहरा लालचा जांभळा झाला, नाकातून भात्यासारखा वारा निघायला लागला, पण तोंडातून चकार शब्द नाही. त्यानं सयाजीच्या पोटात कोपर हाणलं. सयाजीनं दुसरा वेढा टाकला. त्यानं डोकं मागं आपटून सयाजीची भुवई फोडली. सयाजीच्या डोळ्यात रक्त उतरलं, तरी तिसरा वेढा पडला. दोघं कठड्यावर आदळले, दगड सुटून विहिरीत पडला आणि खालून आवाज आला. कुणी तरी सोडवायला पुढं आलं. सयाजी गरजला, “हात लावलासा तर पहार आनीन!” मग त्यानं दोर ओढला. हंबीररावाचे गुडघे वाकले आणि तो मोठ्या बैलासारखा हळूच कुशीवर बसला. तोंडानं बोलता येत नाही, हात बांधलेले, मग उरलं काय? त्यानं सयाजीच्या मनगटाजवळ दात रोवले आणि मान हलवली. रक्ताची धार लागली.

सयाजीनं हात धरू दिला. मग पंप चालू करून, साबण लावून, मोजून पंधरा मिनिटं भावाची पोटरी धुतली. तिखट निघालं, माती निघाली. धुताना म्हणत होता, “या कल्ब, या कल्ब, गप ऱ्हा.”

माझ्या पुतण्याच्या टेंपोत घालून रहिमतपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर प्रियदर्शनीबाई. वय तिशीच्या आत, पण आवाज पोलिसाचा. त्यांनी दोर बघितला आणि म्हणाल्या, “बांधून आणलेल्या माणसाला मी सुई देणार नाही. आधी सोडा. आणि त्यांनी स्वतः हो म्हणायला पाहिजे.”

झालं! सगळी मेहनत वाया. सोडल्याबरोबर हंबीरराव उठला आणि दाराकडं बोट केलं. मला परत न्या. सातवी राहिलीय. आभाळात तांबडं होतं तोवर त्याच्या लेखी दिवस मावळला नव्हता. तोंड अजून बंद. बाईंनी तीनदा विचारलं, सुई घेता का? हा नुसती मान हलवतो, नाही. बाई मला हळूच म्हणाल्या, जखम खोल आहे, उशीर परवडणार नाही. आणि सयाजी दाराच्या मधून बाजूला झाला. म्हणाला, “जा दादा. मी आडवत न्हाई. पर एक ऐकून जा.”

हंबीरराव उंबऱ्यात थांबला.

“तू म्हनतूस सात हिरी आज्या-पंज्यापास्नं चालत आल्यात, म्हंजी खऱ्या. मी तुला ह्येच्यापेक्षा जुनं सांगतो. चार हजार वर्सामागं मानसं कुत्र्याला कलबू म्हनायची. त्यास्नी बी कुत्री चावायची. ती बी म्हनायची पिलू जातं. आपल्या आत्यानं म्हनलं तेच, दादा, तेच. त्यांचं मंतर मातीच्या पाटीवं लिवल्यालं हाईत. पाटी भट्टीत भाजून ठिवली हुती, पिढ्यान् पिढ्या पाठ केलं हुतं. आपल्या हिरी दोनशे वर्साच्या. त्यांचा मंतर शेकडो वर्सं चालला.”

हंबीररावाचा हात दाराच्या कडीवर होता. दवाखान्यातला पंखा फिरत होता. त्याच्या पोटरीतून थेंब-थेंब फरशीवर. मला वाटलं, आता जाणार. मग त्याचं तोंड उघडलं. सात विहिरींचा उपास मोडला आणि तो घोगऱ्या आवाजात बोलला.

“मग? ती मंतर घेतल्याली मानसं वाचली का?”

“मेली, दादा. ज्यास्नी खरंच पिसाळल्यालं कुत्रं चावलं ती समदी मेली. मंतर बी मातीत गेला. आता फकस्त कुत्र्याचं नाव तेवढं ऱ्हायलंय, आन् चावनं ऱ्हायलंय. आन् सुई आत्ता आत्ता आलीया.”

हंबीररावानं कडी सोडली. आता बोलायची बंदीही उठलीच होती. मग खुर्चीवर बसला, बाही वर केली आणि बाईंना म्हणाला, “टोचा. जखमंत बी टोचा. पर ह्या कुत्रेवाल्याला म्होरं उभं करू नगा.”

बाईंनी जखमेच्या कडेनं सुया दिल्या. त्या सुया लय आग करतात. हंबीररावानं खुर्चीचा हात उपटला, सगळं अकरा वर्षांचं ओरडून घेतलं, फडतऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. स्वतःच्याच सात पिढ्या त्या! मग दंडात लस दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. तो सगळ्या तारखांना गेला. आज सकाळी त्यानंच मला बांधावरून दूध आणून दिलं.

पण त्या दिवशी त्याचं झाल्यावर बाई सयाजीकडं वळल्या. भुवईचं रक्त पुसलं. मग मनगट हातात घेतलं. तिथं वर-खाली दोन्ही दातांची गोल खूण, मांस उघडं पडलेलं. बाईंनी नवा कागद ओढला, पेन उघडलं आणि कागदावरचे रकाने वाचून विचारलं, “आणि तुम्हाला कुठला प्राणी चावला? कुत्रा, मांजर, माकड की इतर? पाळीव होता की भटका?”

सयाजी म्हणाला, “इतर लिवा, बाई. चुलतभाऊ हाय माझा. पाळीव का भटका, त्ये मातर इचारू नगा.”